नानांच्या खुर्चीवरचा नमदा

थांबा, एकदम बसू नका. आधी ओळख तर करून घ्या. ज्या खुर्चीवर तुम्ही टेकणार होतात ती लोखंडाची आहे, आणि तिच्यावर हे जे करडं, एका कोपऱ्यात जळलेलं, घोड्याच्या घामाचा वास मारणारं काहीतरी पसरलंय ना, तो मी. मला नमदा म्हणतात. मेंढीची लोकर भिजवून, कुटून, दाबून केलेला जाड तुकडा. घोड्याची पाठ आणि वरचं खोगीर यांच्या मध्ये राहायचं, हे माझं काम. शर्यतीच्या घोड्यांना रोज सकाळी सरावासाठी पळवतात, तेव्हा मी त्यांच्या पाठीवर असतो. मग खुर्चीवर काय करतोस, असं तुम्ही विचारणारच. सगळे विचारतात. सांगतो. घाई नसेल तर उभ्याउभ्याच ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले कामगार दिवसभर शिंकायचे आणि शिंकांच्या मध्येमध्ये लोकर कुटायचे. माझ्यात किती मेंढ्या एकत्र आल्यात, कोण जाणे. त्यातली एखादी तरी भलतीच हेकट असणार, त्याशिवाय माझा स्वभाव असा झाला नसता. गरम पाणी, साबण, वरून रूळ, की पुन्हा गरम पाणी. जन्मतःच एवढा मार खाल्ला की पुढे घोड्यांच्या लाथांचं काही विशेष वाटलं नाही.

तिथून मी दुकानात आलो. गिऱ्हाईक यायचं, आम्हा नमद्यांना बोटाने दाबायचं, जाणकारासारखी मान हलवायचं आणि सगळ्यांत जाड असेल तो घेऊन जायचं. मी मध्यम अंगाचा. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. जाडे एकेक करून गेले आणि मी मात्र फळीवर धूळ खात बसलो.

मग एक दिवस नाना आले. नाना शर्यतीचे घोडे तयार करतात, म्हणजे तेव्हा करायचे. सोबत त्यांची लहान मुलगी होती. नानांनी आम्हाला दाबून बघितलं नाही. त्यांनी कोट काढला, दुकानाच्या मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून ओणवे झाले आणि दुकानदाराला म्हणाले, "एकेक पाठीवर टाका आणि वर बसा."

दुकानदार चांगला भरलेला गृहस्थ होता. तो म्हणाला, "अहो साहेब, हे काय भलतंच?"

"घोड्याला विचारता येत नाही, म्हणून माझ्या पाठीला विचारतोय," नाना खालूनच म्हणाले.

दुकानदार काही बसला नाही. शेवटी ती मुलगीच फ्रॉक आवरून बापाच्या पाठीवर चढली. एकेक नमदा तिच्याखाली घातला गेला आणि प्रत्येकावर तिने मनसोक्त उड्या मारल्या. जाडा नमदा आला की ती हळूहळू एका बाजूला घसरायची. नाना म्हणायचे, "हा नको. पुढचा?" माझ्यावर ती घट्ट बसली. बाकीची गिऱ्हाइकं तोंडावर हात धरून हसत होती, पण नाना ओणवेच म्हणाले, "हा बांधून द्या." अशी माझी निवड झाली. माणसांना नोकरी देताना अशी मुलाखत घेतात की नाही, मला माहीत नाही.

ती मुलगी म्हणजे आताची ताई. तबेल्यात सगळे तिला ताई म्हणतात, नानासुद्धा. लहानपणी ती घोडेस्वारी शिकली तीही माझ्यावरच. एकदा मी भिजलो होतो म्हणून तिने मला शेगडीजवळ वाळत घातलं आणि विसरून गेली. माझा कोपरा जळला. मला चांगलंच लागलं, पण तिचा चेहरा बघून मी गप्प राहिलो. ती मला पाठीमागे लपवून नानांसमोर उभी राहिली. नानांनी मला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "असू दे. स्वार काही कोपऱ्यावर बसत नाही." हा कोपरा पुढे महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

ते माझे सुखाचे दिवस. पहाटे पाठीवर, मग दौड, मग ऊन, मग खुंटी. किती घोडे पाहिले मी. काही गुदगुल्या झाल्यासारखे अंग थरथरवायचे, काही झोपेतच असायचे, आणि एक तर मला खायला बघायचा. माणसंही पाहिली. खाली पडलेल्या एकाही माणसाने आजवर चूक स्वतःची होती असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. घोडा वाईट, खोगीर वाईट, वाळू वाईट. बिचाऱ्या वाळूने काय घोडं मारलंय त्यांचं?

नानांची एक सवय होती. खोगीर ठेवलं की ते पुढून दोन बोटं आत घालून मला वर ओढायचे, म्हणजे कण्याच्या वर पोकळी राहायची आणि वारा खेळायचा. मग ते सरावाच्या ट्रॅककडे जायचे आणि कठड्याला टेकून उभे राहायचे. शेजारी ताई. ती लहान होती तेव्हा कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीवर चढून उभी राहायची, मोठी झाली तेव्हा नानांसारखीच कोपर टेकून. दोघं सारखी बोलत असायची. काय बोलायची ते मला पळतापळता ऐकू यायचं नाही, पण त्यांच्यासमोरून गेलो की हसण्याचा एक तुकडा कानावर पडायचा.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. मी झिजलो आणि नानांचे गुडघे झिजले.

नानांनी तबेला ताईच्या हातात दिला. देताना सगळ्यांसमोर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आजपासून हे तुझं. मी तोंड घालणार नाही. शब्द देतो." मला तेव्हाच शंका आली होती. नानांना सल्ला दिल्याशिवाय जेवण पचत नाही. पण ताईने तो शब्द खरा मानला. तिला वाटलं, आता आपण काही विचारलं तर नानांना वाटेल हिला जमत नाही. नानांना वाटलं, आपण काही बोललो तर हिला वाटेल म्हातारा लुडबूड करतो. दोघंही बापलेक शोभतात अगदी. कोणी माघार घेईल तर शपथ.

नाना ही लोखंडी खुर्ची अंगणात टाकून, काठी शेजारी टेकवून बसायला लागले. लोखंड थंड, टोचणारं. म्हणून त्यांनी खुंटीवरून मला उतरवलं आणि खुर्चीवर टाकलं. घोड्याच्या पाठीवरून थेट नानांच्या बुडाखाली. मी काही तक्रार करत नाही, नाना वजनाने हलके आहेत. पण दिवसभर एका जागी बसून राहणारा प्राणी मी त्याआधी पाहिला नव्हता.

ताई जाता-येता विचारायची, "जेवलात का?"

"हो."

"औषध?"

"घेतलं."

झालं, संपलं बोलणं. बाकीचं नाना मांजरीशी बोलायचे. "बघ, त्या काळ्या घोड्याला एवढं पळवू नये. मला काय त्याचं? मी कुठे बोलतोय?" मांजर ऐकून घ्यायची, कारण उन्हाचा तुकडा खुर्चीपाशीच पडायचा. नाना मात्र ट्रॅकच्या बाजूला तोंड करून खुर्ची मांडायचे. तिथून ट्रॅक दिसत नाही. मध्ये चाऱ्याची खोली येते.

मला वाईट वाटायचं. माझं सोडा, मी लोकरीचा तुकडा. पण कठड्यावर चार कोपरं असायची तिथे आता दोनच असायची, हे मला खुपायचं.

इकडे सामानाच्या खोलीत नवे पाहुणे आले. ते आणले जावईबापूंनी. ताईचे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तबेल्यात सगळे त्यांना जावईबापूच म्हणतात. माणूस सोन्यासारखा, फक्त घोड्याच्या जवळ जायला घाबरतो, म्हणून त्याची सगळी माया पार्सलमधून येते. त्यांनी एक जेलीचा पॅड मागवला, निळा, पारदर्शक, हात लावला की थुलथुल हलणारा. मग स्पंजचा एक आला, गादीएवढा. खुंट्यांवर बसून दोघं नाकाने कांदे सोलायचे. "धक्का शोषण्याच्या बाबतीत," जेलीचा म्हणायचा, "लोकरीचा जमाना गेला." मी नानांच्या खालून काय उत्तर देणार?

आणि मग आली झुळूक.

झुळूक ही घोडी. नाव ठेवणाऱ्याने तिला उसळताना पाहिलं नसावं. पळायला लागली की नुसतं बघत राहावं अशी, पण पाठीवर खोगीर टेकलं की पाठीची कमान करून आधी स्वार खाली टाकणार, मग बाकीचं. तिची मालकीण दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. फार मोजकं बोलते. बहुतेक समोरचा तोंड उघडून बसलेला असतो म्हणून सवय झाली असावी.

सकाळी घोडे पळवायचं काम काडीचं. तरुणपणी काडीसारखा होता म्हणून काडी. आता पोट सुटलंय, पण नाव कोण बदलणार? झुळूक आल्यापासून तो रोज वाळूत पडत होता. मग एकाने म्हणायचं, हिची पाठ नाजूक आहे, खाली जरा मऊ घाला. घातलं. आणखी उसळली. मग आणखी मऊ घाला. जेलीचा झाला, स्पंजचा झाला, दोन्ही एकावर एक झाले. जितकं मऊ, तितकी ती जोरात उसळायची.

सामानाच्या खोलीत रोज वाद. तो नानांच्या खुर्चीपर्यंत ऐकू यायचा.

"हाडं आहेत का लोखंड माझी?" काडी म्हणायचा. "मेंढीचं केसाळ कातडं घाला म्हणतोय मी. माझ्याकडे आहे. मीही सुखी, तीही सुखी."

"मऊ वेगळं आणि धक्का शोषणं वेगळं," जावईबापू म्हणायचे. "कंपनीने पॅडबरोबर चित्र दिलंय. बघा तरी."

"ब्लँकेटची घडी घाला," मामा म्हणायचे. मामा म्हणजे झुळूकचे मोतद्दार, तिचं खाणंपिणं, खरारा, सगळं त्यांच्याकडे. "घडी घातलेल्या ब्लँकेटला तोड नाही. मी स्वतः झोपतो त्यावर."

"तुमच्यावर कोणी खोगीर घालतं का मामा?" काडी विचारायचा.

जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. खऱ्या घोडीला कोणी विचारत नव्हतं. नाना खुर्चीत नुसते चुळबुळत होते. मला सगळी चुळबुळ सोसावी लागत होती.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रविवारी सकाळी त्या दौड बघायला येणार. घोडी नीट पळाली तर ठीक, स्वार पुन्हा खाली पडला तर लिलावात पाठवायची. ताईने फोन ठेवला आणि ती झुळूकला बघायला गेली. झुळूक ही ताईच्या हाताखाली आलेली पहिली खरी वेगवान घोडी. ती गेली असती तर बाकीच्या मालकांनी म्हटलं असतं, नाना होते तोवर ठीक होतं. हे ताईला कळत होतं. नानांनाही कळत होतं. त्यांनी मांजरीलासुद्धा काही सांगितलं नाही त्या दिवशी.

पुन्हा वाद सुरू झाला तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "आजपासून या तबेल्यात पॅड हा शब्द मला ऐकायचा नाही. रविवारी मी घालीन तेच राहील. कोणी मला विचारायचं नाही, सांगायचं नाही." आवाज चढवला नाही तिने. म्हणूनच सगळे घाबरले.

घोड्याने पेंड खाल्ली ती इथे. बोलायची बंदी झाली, पण करायची नाही झाली.

रविवार उजाडला. झुळूकला थंड खोगीर आवडत नाही, म्हणून पाठ आधी ऊबदार करायची असं ताईने ठरवलं होतं. तिने पहाटे स्पंजचा पॅड झुळूकच्या पाठीवर ठेवला, वरून झूल टाकली, म्हणजे थंडीत घोड्याला पांघरतात ती मोठी चादर, पट्टा बांधला आणि ती फाटकाकडे गेली, डॉक्टरीणबाईंची वाट बघायला.

ती गेली तशी खुर्चीजवळ नाना आले. रोज मला तुडवून बसणारे नाना त्या दिवशी बसले नाहीत. त्यांनी मला उचललं, झटकलं, छातीशी धरलं आणि इकडेतिकडे बघत झुळूकच्या ठाणात, म्हणजे तिच्या बांधायच्या जागेत शिरले. किती दिवसांनी मला घोड्याचा वास आला, काय सांगू. त्यांनी झूल उचलली, स्पंजच्या खाली हात घालून मला थेट पाठीवर पसरलं आणि सुरकुत्या काढल्या. झुळूकच्या कानात पुटपुटले, "मी बोलत नाहीये हां." आणि गेले.

मी सुखावलो होतो. पाठ गरम, कातडी मऊ, खाली श्वास चाललेला. स्पंजचा वर घोरत होता. मी म्हटलं, घोरू दे. एवढ्यात पावलं वाजली. मामा. झूल वर झाली, हाताने चाचपलं. "ताईने बरंच जाड घातलंय वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. पण विचारायचं कोणाला? तो शब्दच बंद. त्यांनी स्वतःच्या खाटेवरचं ब्लँकेट घडी घालून वर ठेवलं, घोडीला कुरवाळलं आणि पाणी आणायला गेले.

मग जावईबापू आले. चपला हातात घेऊन. घोडीने नुसतं वळून बघितलं तर भिंतीला चिकटले. पण माणसाची माया बघा, डोळे मिटून हात लांब केला आणि जेलीचा पॅड आत सरकवला. सगळ्यांत शेवटी काडी आला आणि त्याने मेंढीचं कातडं कोंबलं. त्यालाही वाटलं, एवढा ढीग ताईनेच रचलाय. जाताना म्हणाला, "ताईने एवढं केलंय, पण माझं असू दे."

प्रत्येकाने प्रेमानेच केलं, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांचं प्रेम एकावर एक रचलं आणि मी तळाशी. मला श्वास घेता येईना. आणि मला घोडीची पाठ कळत होती. ती आक्रसत होती. तिला तोंड असून सांगता येत नव्हतं, मला तर तोंडच नाही. मला तिची फार कीव आली.

खोगीर घालायची वेळ आली. मामा आणि काडी दोघं. झूल काढली तेव्हा पाठीवर एवढा डोंगर. दोघांनी तो बघितला. एकाला वाटलं, विचारलं तर आपलं ब्लँकेट उघडं पडेल. दुसऱ्याला वाटलं, आपलं कातडं. दोघंही मूग गिळून गप्प. तंग म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा. तो कसाबसा शेवटच्या भोकापर्यंत पोचला. एक इकडून ओढतोय, दुसरा तिकडून ओढतोय, आणि एकमेकांकडे कोणी बघत नाही. वरून लोकरीचं टोक बाहेर आलं ते काडीने बोटाने आत ढकललं. खोगीरभरती कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी अंगावर अनुभवलं.

काडी चढला तेव्हा त्याचं डोकं चाऱ्याच्या खोलीच्या छपराला लागायच्या बेतात होतं. तो गवताच्या गाडीवर बसल्यासारखा दिसत होता.

फाटकापाशी ताई आणि डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. मामांनी घोडीची दोरी धरली होती. झुळूक चार पावलं चालली, उसळली नाही. उसळायला तिला जागाच नव्हती. ताईचं सगळं लक्ष घोडीच्या पायांकडे होतं; तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. मग घोडी वळली. काडी मात्र वळला नाही. म्हणजे घोडी वळली आणि वरचा डोंगर हळूच, अगदी सावकाश, एका बाजूला कलला. काडी पुढे बघत, पाठ ताठ ठेवून, लगाम हातात धरून कलत गेला, आणि कोणी काही म्हणायच्या आत वाळूत आडवा झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडलाच की."

"पडलो नाही बाई," काडी वाळूतून म्हणाला. "घसरलो."

खोगीर कुशीवर लोंबकळत होतं आणि त्याच्याखालून थरच्या थर बाहेर डोकावत होते. ताईने पुढे येऊन तंग सोडला. एकेक थर ती काढायला लागली. आधी मेंढीचं कातडं. तिने ते वर धरलं. काडीने वाळू झटकायला सुरुवात केली, तीही जरा जास्तच मन लावून. मग जेलीचा, थुलथुलत. जावईबापू आकाशाकडे बघायला लागले. मग ब्लँकेट. मामांनी न विचारताच सांगितलं, "माझं आहे. काल धुतलंय." मग तिचा स्वतःचा स्पंज. तिला वाटलं, झालं. आणि खाली मी.

ताईने मला उचललं. उलटं केलं. जळक्या कोपऱ्यावर तिचं बोट थांबलं. मग तिने मान वळवली आणि अंगणातल्या खुर्चीकडे बघितलं. नुसतं लोखंड. खुर्चीच्या मागे नाना उभे होते, तिच्या पाठीला धरून.

"मी काही बोललो नाही," नाना म्हणाले.

"बोलला असतात तर बरं झालं असतं," ताई म्हणाली.

मला वाटलं ती चिडेल, मला फेकून देईल. तिने फेकलं नाही. ती मला धरून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सगळे खाली बघायला लागले. झुळूक मात्र अंग झाडून मोकळी झाली आणि तिने इतका लांब सुस्कारा टाकला की मामा दचकले.

डॉक्टरीणबाई तो ढीग बघत होत्या. "हे सगळं तिच्या पाठीवर होतं?"

मामांनी ब्लँकेट हळूच काखेत मारलं.

"माझ्याकडे पेशंट येतात," त्या म्हणाल्या. "कवळी टोचते म्हणून खाली कापूस भरतात. कापसाने कवळी आणखी घट्ट होते, आणखी टोचते. मग आणखी कापूस. महिनोन्‌महिने चालतं. पण कापूस काढून बघावा, असं एकालाही सुचत नाही."

जन्मात पहिल्यांदाच मी त्यांचं एवढं बोलणं ऐकलं. मला तर त्यांच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. मी हे किती दिवस मनात म्हणत होतो.

ताईने खोगीर घेतलं, झुळूकच्या उघड्या पाठीवर नुसतंच धरून बघितलं, खाली वाकून खोगीर आणि पाठ यांच्या मधून उजेड कुठून येतो ते पाहिलं. मग ती खुर्चीच्या दिशेने म्हणाली, "नाना, तुम्हाला काय वाटतं?"

"मी शब्द दिलाय."

"तो परत घ्या. मला नकोय तो."

नाना आले. काठी खुर्चीपाशीच राहिली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. बापलेक दोघं वाकली. नाना म्हणाले, "खोगीर मुळात तिला बरोबर बसतंय. मध्ये एक पातळसं हवं, एवढंच." ताई म्हणाली, "मग मी घातलेला स्पंजही जाडच." नाना म्हणाले, "जाडच." त्यांनी असं म्हणताना इकडेतिकडे बघितलं नाही आणि ताईलाही राग आला नाही.

मला पाठीवर पसरलं. वर खोगीर. नानांनी हात पुढे केला, मग थांबले आणि ताईकडे बघितलं. ताईने स्वतःच दोन बोटं घालून मला पुढून वर ओढलं. पोकळी झाली. वारा खेळला.

काडी कंबर चोळत पुन्हा चढला. झुळूकने पाठीची कमान केली. तबेल्यात सगळ्यांचे श्वास थांबले असतील, माझा तर थांबलाच. मी तिच्या पाठीला जमेल तसा चिकटून राहिलो. तिने कमान धरून ठेवली, वाट बघितली, काही टोचतंय का ते शोधलं. टोचत नव्हतं. मग माझ्याखाली तिची पाठ सैल पडली. ती चालायला लागली, मग दुडकी, मग ट्रॅकवर गेली आणि पळाली. झुळूक हे नाव तिला का ठेवलं ते त्या दिवशी मला कळलं. आणि कठड्यासमोरून जाताना मी बघितलं, तिथे चार कोपरं टेकलेली होती.

"राहू दे हिला," जाताना डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. "मी उगाच दात काढत नाही."

बाकीच्यांचंही बरं चाललंय. जेलीचा पॅड वाईट नाही हो, मी उगाच त्याला पाण्यात बघायचो. त्या म्हाताऱ्या काळ्या घोड्याची पाठ खचली आहे, तिथे खोगिराखाली खरोखरच पोकळी पडते. तिथे तो नेमका बसला. जावईबापू रोज लांबूनच विचारतात, "कसं वाटतंय त्याला?" काडीने मेंढीचं कातडं स्वतःच्या स्कूटरवर घातलंय. मामांचं ब्लँकेट मामांकडे गेलं. स्पंजवर मांजर झोपते.

आणि मी रोज सकाळी झुळूकच्या पाठीवर जातो. दौड झाली की मला उन्हात वाळवतात आणि दुपारी परत खुर्चीवर घालतात. आताही वाळलोय, पण पुरता नाही, म्हणून तुम्हाला म्हटलं बसू नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. सकाळी मी घोडीवर असतो, तेव्हा ही खुर्ची नुसतं लोखंड असते. थंड, टोचणारी. नानांना तिच्यावर बसवत नाही. मग करणार काय? उठतात, गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत ट्रॅककडे जातात आणि कठड्याला टेकून ताईशेजारी उभे राहतात. दोघं सारखी बोलत असतात. भांडतातही. कालच काळ्या घोड्यावरून जुंपली होती, आणि दुसऱ्या फेरीला मी पोचलो तेव्हा हसत होती.

जावईबापूंच्या हे लक्षात आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की सासऱ्यांची खुर्ची सकाळी रिकामी, म्हणून त्यांनी पार्सलने उशी मागवली. चांगली जाड. ताईने ती खोक्यासकट सामानाच्या खोलीत सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली, नानांचा हात पोचणार नाही तिथे. जावईबापूंनी विचारलं, "नानांना उशी आवडली नाही का?" ताई म्हणाली, "त्यांना मऊ सोसत नाही हो."

तर एवढंच सांगायचं होतं. माझं वय झालंय. उन्हात धरलं तर माझ्यातून पलीकडचं दिसतं. एक दिवस मी फाटेन, तेव्हा झुळूकसाठी दुसरा नमदा आणा, माझ्याएवढाच पातळ, आणि तो निवडताना ओणवं व्हायची लाज बाळगू नका. पण तुमचा जीव कितीही कळवळला, तरी या खुर्चीसाठी मात्र काही आणू नका. तिला सकाळी उघडंच राहू द्या.